बालमनाचा शोध घेणाऱ्या डॉ. मारिया मॉन्टेसरी

आपल्याकडे मूल तीन-चार वर्षांचे झाले की ते आता मॉन्टेसरीत जाऊ लागले, असे कौतुकाने सांगण्याची प्रथा होती. बालवाडी, शिशुवर्ग, के.जी. हे शब्द पुढे रूढ झाले. तरी जुन्या पिढीच्या तोंडी मॉन्टेसरी हाच शब्द राहिला. मात्र हे एका इटालियन स्त्रीचे आडनाव आहे, ती स्त्री पेशाने डॉक्टर व श्रद्धेने कॅथलिक होती आणि दुसऱ्या महायुद्धाची वर्षे तिने आपल्या भारतात काढली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

लहान मूल विचार कसा करते, भोवतालचे जग त्याला कसे जाणवते, त्याची बुद्धी कोणत्या क्रमाने उमलते, ह्या प्रश्नांची उत्तरे डॉ. मारिया मॉन्टेसरी ह्यांनी प्रत्यक्ष मुलांकडे पाहून शोधली. मोठी माणसे ज्याला हट्ट, खोडी किंवा रिकामा खेळ म्हणतात, ते पुष्कळदा मुलाच्या मनाचे अत्यंत गंभीर काम असते, हा त्यांच्या आयुष्यभराच्या निरीक्षणाचा निष्कर्ष होय. तिथवर पोहोचण्याची वाट सोपी नव्हती. त्या वाटेवर त्यांना स्वतःच्या मातृत्वाची मोठी किंमत द्यावी लागली.

जन्म आणि शिक्षण

मारिया ह्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील आंकोना शहराजवळच्या क्यारावाले ह्या गावी झाला. वडील अलेस्सांद्रो सरकारी नोकरीत होते. आई रेनिल्दे ह्यांना वाचनाची आवड होती. मारिया लहान असतानाच कुटुंब रोमला स्थायिक झाले. मुलींनी फार तर शिक्षिका व्हावे, अशी त्या काळची समजूत होती. मारिया ह्यांनी मात्र तांत्रिक शाळेत नाव घातले आणि पुढे वैद्यकशास्त्राकडे वळल्या. वडिलांना हे रुचले नाही; आई मात्र मुलीच्या पाठीशी उभी राहिली.

वैद्यकीय महाविद्यालयात पुरुष विद्यार्थ्यांसमवेत शवविच्छेदन करणे स्त्रीला अशोभनीय मानले जाई. म्हणून सगळे घरी गेल्यावर, संध्याकाळच्या वेळी, त्या एकट्याने तो अभ्यास करीत. १८९६ साली त्या रोम विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. इटलीतील पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांमध्ये त्यांची गणना होते.

रिकाम्या खोलीतील मुले

विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करताना त्यांना रोममधील वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. ज्यांची बौद्धिक वाढ खुंटली आहे अशी लहान मुलेही तेथे मोठ्या रुग्णांबरोबर कोंडून ठेवलेली असत. अशाच एका ठिकाणची हकिगत सांगितली जाते. जेवण झाल्यावर मुले जमिनीवर सांडलेले पावाचे कण वेचत बसतात, अशी तक्रार तेथील सेविकेने तिरस्काराने केली. मारिया ह्यांनी खोलीभर नजर फिरवली. तेथे एक खेळणे नव्हते, हातात धरावी अशी एकही वस्तू नव्हती. मुलांच्या बोटांना चाळवण्यासाठी पावाच्या त्या कणांखेरीज काहीच उपलब्ध नव्हते. ह्या मुलांचे दुखणे औषधापेक्षा शिक्षणाने अधिक बरे होईल, असे त्यांना वाटू लागले.

झाँ इतार आणि एदुआर सेगँ ह्या दोन फ्रेंच डॉक्टरांनी त्यापूर्वी अशा मुलांसाठी केलेले प्रयत्न त्यांनी बारकाईने अभ्यासले. हात, डोळे, कान आणि त्वचा ह्यांच्या द्वारे मनापर्यंत पोहोचता येते, हे सूत्र त्यांना तेथे गवसले. १९०० साली रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी शाळा सुरू झाली व तिच्या संचालनात त्यांचा वाटा होता. त्यांच्या हाताखालची काही मुले लिहा-वाचायला शिकली आणि सर्वसामान्य मुलांची परीक्षा उत्तीर्ण झाली. लोकांनी ह्याला चमत्कार म्हटले. मारिया ह्यांना वेगळाच प्रश्न पडला. ही मुले जर एवढी मजल मारू शकतात, तर निरोगी मुलांना आपल्या शाळांमध्ये कोणती गोष्ट मागे खेचते?

एका मातेची व्यथा

ह्याच काळातील एक गोष्ट बरीच वर्षे झाकून ठेवण्यात आली होती. सहकारी डॉक्टर जुझेप्पे मोन्तेसानो ह्यांच्यापासून मारिया ह्यांना १८९८ साली मुलगा झाला. त्याचे नाव मारियो. दोघांचा विवाह झाला नाही आणि मोन्तेसानो ह्यांनी पुढे दुसरीशी लग्न केले. त्या काळच्या समाजात अविवाहित मातेला सार्वजनिक कार्याची सर्व दारे बंद होती. बाळाला शहराबाहेर, खेड्यातील एका कुटुंबाकडे ठेवण्यात आले. आई अधूनमधून भेटायला येई. पण ही बाई कोण, हे मुलाला सांगितले जात नसे.

हजारो मुलांच्या मनाचा वेध घेणाऱ्या ह्या स्त्रीला स्वतःच्या बाळाचे पहिले पाऊल, पहिला शब्द पाहण्याचे भाग्य लाभले नाही. मारिया ह्यांच्या आईचे १९१२ साली निधन झाले. त्यानंतर, पंधराएक वर्षांचा असताना मारियो आईजवळ राहावयास आला आणि पुढे अखेरपर्यंत तिच्या कार्यात सहभागी झाला. तरीही जगासमोर त्याची ओळख भाचा किंवा दत्तक मुलगा अशीच करून दिली जाई. आज ही हकिगत वाचताना त्यांना दोष देण्याची घाई कोणी करू नये. आईपासून दुरावलेल्या मुलाचे दुःख काय असते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

सान लोरेन्झोचे बालगृह

रोमच्या सान लोरेन्झो ह्या गरीब वस्तीत एका संस्थेने इमारती दुरुस्त करून कामगार कुटुंबांना राहावयास दिल्या होत्या. आईबाप दिवसभर कामावर गेले की लहान मुले जिन्यांत हुंदडत, भिंती खराब करीत. त्यांना एका खोलीत सांभाळावे एवढ्याच हेतूने मारिया ह्यांना बोलावण्यात आले. ६ जानेवारी १९०७ रोजी, प्रभूच्या प्रकटीकरणाच्या सणादिवशी, तीन ते सहा वर्षे वयाच्या सुमारे ५० मुलांचे हे बालगृह सुरू झाले. मदतीला होती ती शिक्षणशास्त्राचे प्रशिक्षण नसलेली एक तरुणी. मारिया ह्यांनी तिला काही ठरावीक धडे पढवले नाहीत. मुलांच्या हाती साहित्य द्यावे आणि काय घडते ते पाहावे, एवढेच सांगितले.

जे घडले त्याने त्या स्वतःच चकित झाल्या. तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्याच्या खाचांत लहानमोठ्या दट्ट्या बसवीत होती. काढायच्या, मिसळायच्या, पुन्हा बसवायच्या. मारिया मोजू लागल्या. त्यांनी इतर मुलांना गाणी म्हणावयास लावली. मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. तिने मांडीवरचा ठोकळा सोडला नाही आणि काम थांबवले नाही. चाळीसहून अधिक वेळा तेच केल्यावर ती आपणहून थांबली आणि गाढ झोपेतून उठावे तशी प्रसन्न मुद्रेने इकडेतिकडे पाहू लागली. लहान मुलाचे चित्त क्षणभरही स्थिर राहत नाही, हा सर्वांचा समज त्या दिवशी खोटा ठरला.

एके दिवशी साहित्याच्या कपाटाला कुलूप लावायचे राहून गेले. बाई येईपर्यंत मुलांनी आपापल्या आवडीचे साहित्य काढून काम सुरू केले होते. बाईंना ही चोरी वाटली. मारिया ह्यांना त्यात निवड दिसली. त्यानंतर मुलांच्या हाताला पोहोचतील अशी बुटकी, उघडी कपाटे आली. बक्षीस म्हणून दिलेली मिठाई मुले बाजूला ठेवीत व कामाकडे वळत. त्यामुळे बक्षिसे आणि शिक्षा दोन्ही बंद झाल्या.

एकदा त्यांनी मुलांना रुमालाने, आवाज न करता नाक कसे पुसावे हे करून दाखवले. मुले हसतील असे त्यांना वाटले होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. शेंबड्या नाकावरून मोठ्यांची बोलणी ही मुले रोजच खात होती. नाक कसे पुसायचे हे मात्र त्यांना कोणीही शांतपणे शिकवले नव्हते. लहान मुलाला मानापमान कळतो, त्याला स्वतःची प्रतिष्ठा असते, हा धडा त्या प्रसंगाने मारिया ह्यांना दिला.

मुलांना खरखरीत कागदाची अक्षरे बोटांनी गिरवावयास दिलेली होती. त्याच वर्षी डिसेंबरात, उन्हाच्या एका दिवशी गच्चीवर, एका मुलाला त्यांनी खडूने धुराडे काढण्यास सांगितले. चित्र काढून झाल्यावर तो मुलगा अचानक शब्द लिहू लागला आणि मला लिहिता येते म्हणून आनंदाने ओरडला. पाठोपाठ इतर मुलेही लिहू लागली. हात आणि डोळा ह्यांची तयारी मूकपणे होत आली होती; ती पूर्ण होताच लेखन आपसूक बाहेर पडले.

मुलाचे मन कसे घडते

ह्या अनुभवांवर आधारलेला त्यांचा पहिला मोठा ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला आणि थोड्याच वर्षांत अनेक भाषांत पोहोचला. त्यांच्या विचारांचा गाभा थोडक्यात असा सांगता येईल.

जन्मापासून सहा वर्षांपर्यंतचे मन हे मोठ्यांच्या मनाची छोटी आवृत्ती नसते. ते वेगळ्याच रीतीने काम करते. मोठा माणूस ज्ञान मिळवतो आणि साठवतो. लहान मूल भोवतालचे जग शोषून घेते व त्यातूनच स्वतःला घडवते. पहिली तीन वर्षे हे नकळत चालते. आपण नवी भाषा शिकताना व्याकरण पाठ करतो. बाळ ती केवळ त्या भाषेत राहून आत्मसात करते. तीन वर्षांनंतर मूल जाणीवपूर्वक, आपल्या हातांनी, आधी शोषलेल्या गोष्टींची मांडणी करू लागते. त्यांनी ह्याला ग्रहणशील मन म्हटले.

दुसरी गोष्ट, मनाच्या वाढीला ऋतू असतात. भाषेची ओढ, हालचालींची ओढ, सूक्ष्म वस्तूंची ओढ, सुव्यवस्थेची ओढ अशा निरनिराळ्या ओढी ठरावीक काळात तीव्र होतात व मग ओसरतात. सहा महिन्यांच्या एका मुलीचे उदाहरण त्या देत. घरी आलेल्या बाईने आपली छत्री टेबलावर ठेवली आणि मुलगी आक्रोश करू लागली. खेळणे दिले, समजूत घातली. उपयोग झाला नाही. आईने छत्री उचलून बाहेर नेली आणि रडे थांबले. छत्री टेबलावर असत नाही, हे त्या इवल्या जिवाने ओळखले होते. वस्तू आपल्या जागी असल्या तरच बाळाला जगाचा नकाशा मनात आखता येतो. आपण ज्याला कारणाविना केलेला हट्ट समजतो, त्यामागे असे कारण असू शकते.

तिसरी गोष्ट, विचारांची सुरुवात इंद्रियांपासून होते. म्हणूनच त्यांचे साहित्य एका वेळी एकच गुण दाखवते. मनोऱ्याचे १० घन रंगाने सारखेच. फरक फक्त आकारात, १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत. रंगांच्या पट्ट्या आकाराने सारख्या. फरक केवळ रंगात. अशा रीतीने मोठे-लहान, गडद-फिकट, जड-हलके हे भेद हाताला व डोळ्याला कळतात आणि त्यांतूनच पुढे तुलना, क्रम, संख्या अशा अमूर्त कल्पना जन्मतात. चूक झाली तर शेवटची दट्टी खाचेत बसत नाही. मूल स्वतःच चूक पाहते आणि सुधारते. रागावणारा आवाज तेथे लागत नाही.

पुढील काळातील संशोधनाने त्यांच्या पुष्कळ निरीक्षणांना बळ दिले. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की, इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील त आणि ट ह्या ध्वनींमधील भेद ओळखता येतो. परंतु वर्ष भरत आले की ही क्षमता बहुतांशी मावळते, कारण त्यांच्या कानांवर तो भेद पडत नाही. मराठी घरांतील मुलांना हा भेद सहज साधतो, तो ह्याच वयात कानी पडल्यामुळे. मात्र मारिया ह्यांचे प्रत्येक मत टिकले असे नाही. लहान वयातील परीकथांना आणि लुटुपुटीच्या खेळांना त्यांनी फारसे स्थान दिले नाही. भातुकलीसारख्या खेळांतूनही मुलाचा विचार वाढतो, असे आजचे बहुतेक मानसशास्त्रज्ञ मानतात.

ख्रिस्तमंदिरातील मूल

मूल स्वतंत्रपणे निवड करते, ह्या त्यांच्या म्हणण्यावर काही कॅथलिक विचारवंतांनी आक्षेप घेतला. हे आदिपापाच्या शिकवणुकीला सोडून तर नाही ना, अशी त्यांना शंका होती. मारिया ह्यांच्या दृष्टीने स्वातंत्र्य म्हणजे मोकाट सोडणे नव्हते. त्यांच्या वर्गात इतरांना त्रास देण्याची मुभा कोणालाही नव्हती. पोप बेनेडिक्ट पंधरावे ह्यांनी १९१८ साली त्यांच्या कार्याला आशीर्वाद दिला.

स्पेनमधील बार्सिलोना येथे त्यांनी धर्मशिक्षणातही आपली पद्धत आणली. मुलांसाठी खास प्रार्थनागृह उभारले. तेथील खुर्च्या लहान होत्या आणि पवित्र पाण्याचे पात्र मुलांचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर होते. मुलांनी शेतात गहू पेरला, द्राक्षवेली लावल्या आणि मिस्साबलिदानासाठी लागणारी भाकर व द्राक्षारस कोठून येतात, हे स्वतःच्या श्रमाने अनुभवले. प्रश्नोत्तरे पाठ करण्याआधी हातांनी, डोळ्यांनी, शांततेने देवाची ओळख व्हावी, ही त्यामागील दृष्टी होती. मिस्सा मुलांना समजावून सांगणारे त्यांचे पुस्तक १९३२ साली निघाले. पुढे रोममध्ये सोफिया काव्हालेत्ती व जान्ना गोब्बी ह्यांनी १९५४ पासून ह्याच पायावर उत्तम मेंढपाळाचे धर्मशिक्षण ही पद्धत विकसित केली आणि ती अनेक देशांत पोहोचली.

भारतातील वर्षे

मुसोलिनीच्या राजवटीने आरंभी मारिया ह्यांच्या शाळांना आश्रय दिला. मुलांना लष्करी शिस्तीत जुंपण्याचा आग्रह वाढला तेव्हा त्यांनी नकार दिला. १९३४ साली त्यांच्या शाळा बंद पडल्या व त्यांनी इटली सोडली. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. तेथूनही त्यांना निघावे लागले व हॉलंडमध्ये आश्रय घ्यावा लागला.

१९३९ च्या नोव्हेंबरात थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मारियोसह मद्रासजवळ अड्यार येथे आल्या. पहिल्याच प्रशिक्षणवर्गाला सुमारे ३०० विद्यार्थी होते. त्या संस्थेच्या आतिथ्यामुळे काही कॅथलिकांच्या मनात किंतु आला. तरी आपण कॅथलिक आहोत, ही भूमिका मारिया ह्यांनी कायम ठेवली. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरला आणि ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने हे मायलेक शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिया ह्यांना अड्यारच्या परिसरात राहण्याची मुभा मिळाली. मारियो ह्यांना मात्र आपल्या महाराष्ट्रातील तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथील छावणीत डांबण्यात आले.

३१ ऑगस्ट १९४० रोजी मारिया सत्तर वर्षांच्या झाल्या. त्या प्रसंगी व्हाइसरॉयची तार आली. सत्तराव्या वाढदिवसाची सर्वांत चांगली भेट म्हणून त्यांचा मुलगा त्यांना परत पाठवीत असल्याचे त्यात कळवले होते. चाळीस वर्षे जे नाते चारचौघांत उच्चारता आले नव्हते, ते त्या सरकारी तारेत सरळ लिहिलेले होते.

पुढील वर्षे कोडाईकनाल, अहमदाबाद, श्रीलंका अशा ठिकाणी वर्ग घेण्यात गेली. आईच्या कडेवर बसून बाजारात, शेतात, सणासमारंभात सगळीकडे जाणारे भारतीय बाळ त्यांनी कुतूहलाने न्याहाळले. आईच्या देहाला बिलगून ते साऱ्या जगाची भाषा ऐकते, हे त्यांना फार मोलाचे वाटे. अहमदाबादच्या व्याख्यानांतून त्यांचा ग्रहणशील मनावरील ग्रंथ आकाराला आला व १९४९ साली मद्रासला प्रसिद्ध झाला.

बोर्डी आणि कोसबाड

मारिया ह्यांच्या आगमनापूर्वीच त्यांचे विचार आपल्याकडे रुजू लागले होते. भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांनी १९२० साली बालमंदिर काढले. तेथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले व नंतर अनुताई वाघ ह्यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. परदेशी साहित्य महाग होते. ताराबाईंनी त्याऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने वापरली. मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेमुळे अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. रोमच्या गरीब वस्तीत सुरू झालेले काम अशा रीतीने वारली मुलांच्या दारी आले.

अखेर

१९४९ मध्ये मारिया युरोपात परतल्या. त्यांचे नाव शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी तीन वेळा सुचवले गेले. ते त्यांना मिळाले नाही. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नोर्डवाइक ह्या समुद्रकाठच्या गावी, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेथील कॅथलिक दफनभूमीत त्या विसावल्या आहेत. मारियो ह्यांनी १९८२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, आईचे कार्य पुढे चालवले.

रविवारी मिस्सेला उशीर होत असतो. तीन वर्षांचे मूल सदऱ्याचे बटण स्वतःच लावण्याचा हट्ट धरते. बटण भलत्याच काजात जाते, पुन्हा काढले जाते. आपण त्याचे हात बाजूला सारतो आणि दोन क्षणांत काम उरकतो. मूल रडते, आपण रागावतो. सान लोरेन्झोतील त्या मुलीला चाळीसहून अधिक वेळा दट्ट्या बसवू देणाऱ्या मारिया ह्यांनी अशा वेळी काय केले असते, हे आता आपल्याला ठाऊक आहे. पुढच्या रविवारी घरातून पाच मिनिटे लवकर निघण्याची तयारी केली, तर ते बटण त्यालाच लावू देता येईल.